किलोमीटर सातचं वळण

या प्रकरणातून आरेखकाला मिळणार काय होतं, ते आधीच मांडून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे कोणी त्याला लोभी म्हणायला नको. बढती मिळणार नव्हती. मान मिळणार नव्हता. तो त्याला घरीही मिळत नसे आणि त्याची तक्रारही नव्हती. मिळणार होता तो भिंतीवर लावायला एक कागद, तीन फूट बाय दोन फूट, आणि त्या कागदाकडे बघत चहा पिण्याचं सुख. एवढ्याशा मिळकतीसाठी एका माणसाने किती जणांना कामाला लावावं याला काही सुमार असतो. तो त्याने ओलांडला.

आरेखक म्हणजे रस्ते खात्याच्या कार्यालयात नकाशे काढणारा माणूस. वय बेचाळीस, चष्मा जाड, बोलणं कमी. सहकारी त्याला मिलिमीटर म्हणत, कारण रजेचा अर्ज लिहितानासुद्धा तो चारी बाजूंनी समास आखायचा. दिवसभर खात्याचे रस्ते काढायचे आणि संध्याकाळी सहा ते आठ घरातल्या मागच्या खोलीत, संगणकासमोर, स्वतःचे रस्ते बांधायचे, असा त्याचा नेम होता.

खेळच तो. रिकामी जमीन मिळते. आपण रस्ते टाकायचे, की कडेने घरं उगवतात, घरांत माणसं राहायला येतात, गाड्या घेतात आणि आपल्याच रस्त्यांवरून कामाला जातात. बाकीचे खेळणारे त्यात फुलासारखे उमललेले उड्डाणपूल आणि समुद्रावर लटकणारे चौक बांधतात. आरेखकाने दोन वर्षं खपून बांधला होता आपल्याच भागातला महामार्ग. शहरातल्या मोठ्या चौकापासून डोंगरापर्यंत सोळा किलोमीटर, आहे तसा. दुभाजकाची उंची तीच. रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या एकोणतीस, त्या तिथेही एकोणतीस. वळणावर रस्ता बाहेरच्या कडेने जितका उचललेला, तितकाच. किलोमीटर अकराचा दगड कित्येक वर्षांपासून तिरका होता, म्हणून खेळातही तो तिरका रोवला. त्यात एक अख्खा रविवार गेला.

"खरा रस्ता कोणी विमानातून बघितला आणि माझा पडद्यावर बघितला," तो बायकोला म्हणायचा, "तर कुठला कुठला ते सांगता यायचं नाही."

"येईल की," बायको म्हणायची. "तुमच्या रस्त्याला खड्डे नाहीत."

खड्डे पाडायची सोय त्या खेळात नव्हती, याचं त्याला मनापासून वाईट वाटायचं.

पण सगळं जमून आलं, की तो घड्याळाचं बटण संध्याकाळवर आणून ठेवायचा. खेळात संध्याकाळ हवी तितका वेळ थांबते. उन्हाला जुन्या काचेसारखा रंग येतो, डोंगराची सावली रस्त्यावर हलकेच पसरते, आणि गाड्यांचे दिवे एकेक करून लागतात. मुंगीएवढ्या गाड्या. त्यांतल्या कुणालाही घाई नाही, कुणी कुणाला शिव्या देत नाही. कुठल्याशा घराच्या खिडकीत उजेड होतो. कोणीतरी घरी पोहोचलं. आरेखक हनुवटीखाली हात घेऊन बघत राहायचा. दिवसभर ज्या रस्त्यांच्या तक्रारी ऐकायच्या, तेच रस्ते इथे झोपेतल्या मुलासारखे शांत पसरलेले असायचे. बायको दाराशी येऊन दोनदा हाक मारायची. तिसऱ्यांदा मारायची ती त्याच्या पूर्ण नावाने.

आता किलोमीटर सात. तिथे रस्ता उगाचच उजवीकडे वळतो, वाडग्याच्या काठासारखा गोल फिरतो आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतो. का वळतो, हे खात्यात कोणालाच माहीत नव्हतं. मात्र त्या वळणाच्या पोटात आरेखकाच्या सासऱ्यांची रोपवाटिका होती. जागा खात्याचीच, जुन्या पत्राने वापरायला दिलेली. सासऱ्यांचं सगळं आयुष्य त्या वळणावर उभं होतं, आणि तसं ते बोलूनही दाखवत.

"जावईबापू, पाटी लावायची मला गरज नाही. वळणावर गाडी हळू होते. हळू झाली की माणूस बाजूला बघतो. बघितलं की उतरतो. सरळ रस्त्यावर कोणी कधी गुलाब बघितलाय?"

खेळातही ती रोपवाटिका होती. हिरव्या छपराची खोली, पुढे कुंड्यांच्या बारा रांगा. सासऱ्यांच्या मागच्या दाराचा पत्रा गंजलेला होता, म्हणून इथेही गंजलेला.

अडचण एकच होती. वाहतूक किती सुरळीत चालली आहे याचा आकडा तो खेळ कोपऱ्यात दाखवतो. आरेखकाचा आकडा त्र्याऐंशीवर अडकून बसला होता, आणि रस्त्यावर एकच पट्टा लालसर दिसायचा: किलोमीटर सात. दोन वर्षं त्याने तो लाल पट्टा सहन केला, कारण आहे तसं म्हणजे आहे तसं. पण एका रविवारी दुपारी, बायको पेंगत असताना, त्याच्या मनात आलं, एकदाच बघू. उद्या परत घालू वळण.

पाडायचं बटण दाबलं. खोली गेली, कुंड्या गेल्या. आवाजसुद्धा उशी दाबल्यासारखा मऊ. मग त्याने रस्ता सरळ ओढला. आकडा त्र्याऐंशीवरून टुणकन एक्याण्णववर गेला. खेळ तिथल्या तिथे थांबवून, घड्याळ संध्याकाळवर आणून तो त्या रेषेकडे बघत बसला. डोंगरापासून चौकापर्यंत ताणलेला धागा जणू. तिच्यावर संध्याकाळचं ऊन एका टोकाला सांडलं असतं तर दुसऱ्या टोकापर्यंत आपोआप वाहत गेलं असतं. अशी रेषा खात्यात वीस वर्षांत त्याच्या हातून निघाली नव्हती. निघणार तरी कशी? खऱ्या जगात प्रत्येक रेषेच्या वाटेत कोणीतरी राहतं.

ती रेषा त्याला भिंतीवर हवी होती.

सोमवार ते गुरुवार, जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात त्याने कार्यालयातल्या संगणकावर तो नकाशा काढला. गुरुवारी मोठ्या यंत्रावर छापला. आणि इथे त्याच्या हाताने घात केला. वीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला उजवा कोपरा रिकामा ठेवताच येत नाही. त्या कोपऱ्यात चौकट आखायची: कामाचं नाव, प्रमाण, उत्तरेचा बाण, काढणाऱ्याची सही, आणि खाली मंजुरीची रिकामी जागा. ही चौकट नसलेला नकाशा त्याच्या लेखी दरवाजा नसलेलं घर. तेव्हा त्याने लिहिलं, 'किलोमीटर सात येथील वळण सरळ करणे', खाली सही ठोकली, आणि कागदाची घडी घातली. घडीही खात्याच्या पद्धतीची: कितीही मोठा कागद असो, घडी अशी पडते की ती चौकटच तेवढी वर राहते. सही करणाऱ्या साहेबांना कागद उलगडायचा त्रास नको, म्हणून ही पद्धत. साहेबांनीही तिचा मान राखला होता. त्या खुर्चीत बसल्यापासून त्यांनी एकही नकाशा उलगडला नव्हता.

घडी टेबलावर ठेवून आरेखक हात धुवायला गेला. चार वाजता टपालवाल्या मावशी आल्या आणि टेबलावरचे सगळे घडीचे कागद रोजच्यासारखे साहेबांकडे घेऊन गेल्या. आरेखकाला वाटलं, झाडलोटीत गेला असेल. पुन्हा छापू कधीतरी.

तीन आठवड्यांनी सकाळी बायकोचा फोन वाजला. तिने ऐकलं, नवऱ्याकडे बघितलं, पुन्हा ऐकलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

"जावईबापू," सासऱ्यांचा आवाज शांत होता, आणि तो शांत असला की घरात सगळे उभे राहत. "तुमच्या खात्याचा मोजणीवाला आलाय. गुलाबांच्या मधोमध लाल खुंट्या ठोकतोय. पंधरा दिवसांत जागा रिकामी करा म्हणतो."

"काहीतरी घोळ असेल, मामा."

"मीही तेच म्हणालो. मग त्याने नकाशा दाखवला. खाली काढणाऱ्याची सही आहे. आमच्या मुलीच्या लग्नाच्या नोंदवहीत तुम्ही केली होतीत, तीच. शेवटी तसाच झोकदार फराटा."

फोन ठेवल्यावर बायको खुर्चीत बसली.

"तुम्ही बाबांवरून रस्ता नेलात."

"खेळात नेला गं."

"का?"

"बघायला."

"काय बघायला?"

एक्याण्णव हे उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. पण लग्नाला सोळा वर्षं झालेली असल्यामुळे त्याने ते गिळलं.

कार्यालयात पोचल्या पोचल्या तो साहेबांच्या खोलीत शिरला. ठरवून आला होता, खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं. पण साहेबच उठून उभे राहिले. वीस वर्षांत ते त्याच्यासाठी कधी उठले नव्हते.

"या, या. किलोमीटर सात. वरून फोन आला होता मला. म्हणाले, तुमच्याकडे कोणीतरी आपणहून विचार करतंय, हे बघून बरं वाटलं. असं वाक्य या खुर्चीने कधी ऐकलं नव्हतं हो."

"साहेब, त्या नकाशाचं जरा..."

"जरा काय, मुदतीनंतरच्या पहिल्याच सोमवारी खोदायचं यंत्र लावू. पंधरा दिवस भरले की थांबायचं नाही."

आरेखक "बरं साहेब" म्हणून बाहेर आला. जिभेने त्याला न विचारता म्हटलं ते.

अंदाजपत्रकं करणाऱ्या बाई शेजारच्या टेबलावर बसत. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाहिलं नव्हतं असं काही उरलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तोंडी काही होत नाही. सही झालेला नकाशा मारायचा तर दुसऱ्या सही झालेल्या नकाशानेच. 'सुधारणा एक' म्हणून नवा काढा. वळण आहे तसं दाखवा. घडी घाला, चौकट वर ठेवा. साहेब काय, सही करतील."

"आणि उलगडला तर?"

बाई हसल्या. असं हसणं लहान मुलाने भुताचं विचारल्यावर मोठी माणसं हसतात.

एवढं सोपं काम त्याला दहा दिवस पुरलं. वळण काढायला घेतलं की एक चूक सापडायची, ती सुधारली की दुसरी. तिकडे वळणावर वेगळंच चाललं होतं. सासरे हात जोडायला कोणाच्या दारात गेले नाहीत. "खात्याच्या यंत्राखाली माझं एक पान जाणार नाही," एवढं म्हणाले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून झाडं देऊ लागले. गाडी हळू झाली की पुढे व्हायचे, काचेवर टकटक करायचे आणि आत कुंडी ठेवायचे. "सकाळचं ऊन द्या हिला. पाणी बेताने." बस थांबवली आणि प्रत्येक खिडकीतून एकेक रोप आत दिलं. ही बातमी शहरात पोचली तशी माणसं चालत येऊ लागली.

बाराव्या दिवशी आरेखक कामावर जात होता आणि त्याला वाटलं आपण अजून झोपेत आहोत. समोरून रस्त्याने झाडं चालत येत होती. जवळ आल्यावर झाडांखाली पाय दिसले. पोस्टमनच्या पिशवीतून वेल बाहेर डोकावत होती, शिंपी दोन्ही बगलांत जास्वंद धरून चालला होता, शाळेच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात एकेक हिरवं रोप. कोणी बोलत नव्हतं. हातात झाड असलं की माणूस आपोआप हळू चालतो. अख्खं शहर पाण्याखाली गेल्यासारखं हिरवं आणि निवांत झालं होतं. आरेखक कडेला उभा राहून बघत राहिला. इतकं सुंदर काही त्याच्या खेळातसुद्धा कधी घडलं नव्हतं. मग ती सगळी झाडं कुठून येत आहेत ते त्याला आठवलं, आणि तो पळत सुटला.

त्या दिवशी सकाळीच त्याने 'सुधारणा एक' पुरी केली, घडी घातली, आणि मावशींची वाट न बघता स्वतः साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. कामाचं नाव वाचलं. किलोमीटर सात.

आणि त्यांनी कागद उलगडला.

काचेपलीकडे बाईंच्या हातातली पेन्सिल खाली पडली. साहेबांना मात्र उलगडायची सवय नसल्याने त्यांची पहिली काही मिनिटं नुसती कागद आवरण्यात गेली. टेबल लहान पडलं. नकाशा दोन्हीकडून खाली लोंबला, फोन झाकला गेला. "वरून कौतुक झालंय, म्हटलं बघावं तरी आपण काय केलं," ते म्हणाले. मग ते कागदावर आणखी वाकले.

"इथे तर वळण आहे."

"हो साहेब."

"म्हणजे आधी वळण होतं, ते तुम्ही काढलंत, आणि आता परत घालताय. कारण?"

सुधारणेच्या नकाशात कारणाची जागाही चौकटीत असते. आरेखकाने ती रिकामी सोडली होती. त्याने चष्मा काढला. समोरचे साहेब धूसर झाल्यावर त्याला जरा धीर आला, आणि त्याने सगळं सांगितलं. खेळ, दोन वर्षं, तिरका दगड, लाल पट्टा, रेषा, भिंत, सासरे.

साहेबांनी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"दाखवा," ते म्हणाले.

संध्याकाळी सहा वाजता साहेब आरेखकाच्या मागच्या खोलीत, एकुलत्या एका खुर्चीत बसले होते. आरेखक बाजूला उभा, बायको दारात. पडद्यावर ती थांबवून ठेवलेली संध्याकाळ तशीच होती. साहेब पुढे झुकले. डोंगर, मोऱ्या, दगड, आणि शहरात शिरल्यावर एक पिवळी तीन मजली इमारत.

"हे आपलं कार्यालय?"

"हो साहेब. ती दुसऱ्या मजल्यावरची खिडकी तुमची."

साहेब खिडकीकडे बघत राहिले. "मी आत आहे का?"

"दिवा लागलाय, म्हणजे असाल."

"एवढ्या उशिरापर्यंत बसतो मी," साहेब हळूच म्हणाले, आणि दारातल्या बायकोला उगीचच वाटलं, आता हे रडतात की काय. "बरं. चालू करा. सरळ रस्त्याचं काय होतं ते बघू."

आरेखकाने खेळ सुरू केला. त्याने स्वतःही हे बघितलेलं नव्हतं. रेषा ओढल्या क्षणी थांबवून तो तिच्या प्रेमात पडला होता, आणि त्यानंतर खेळ पुढे सुरूच केला नव्हता. गाड्या डोंगरावरून निघाल्या आणि धाग्यावरून मणी ओघळावेत तशा सुळकन चौकाकडे आल्या. पूर्वी वळणावर त्या रेंगाळायच्या, थोड्या थोड्या पुढे सुटायच्या. आता सगळ्या एकदम. चौकात पहिल्या दहा थांबल्या, त्यांच्यामागे पन्नास, मग रांगेचं शेपूट वाढत वाढत पिवळ्या इमारतीवरून मागे, किलोमीटर तीन, पाच, सात. कोपऱ्यातला एक्याण्णव घसरू लागला. ऐंशी. सत्तर. बावन्न. शेकडो इवले दिवे एका रांगेत गुपचूप उभे. लांबून ते दिव्यांची ओवलेली माळ वाटत होते. दिसायला सुंदर होतं हे नाकारून चालणार नव्हतं.

"त्यात माझी गाडी आहे?" साहेबांनी विचारलं.

"खिडकीतला दिवा विझलाय, साहेब. निघाला असाल. म्हणजे तिथेच कुठेतरी."

साहेबांनी पेन काढलं. सोबत आणलेल्या 'सुधारणा एक'वर 'कारण' या शब्दापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: चौकात एकाच वेळी गर्दी होऊ नये म्हणून वळण आवश्यक. खाली सही केली. घडी मात्र त्यांना परत घालता येईना, ती बायकोने घातली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आरेखक किलोमीटर सातला उतरला. हातात नकाशाची प्रत. मोजणीवाला खुंट्या उपटून पिशवीत भरत होता. वळण जागेवर होतं, गाड्या त्याच्यावर हळू होत होत्या, हळू होऊन माणसं बाजूला बघत होती, आणि बाजूला काही नव्हतं. बारा रांगांच्या जागी ओली माती आणि कुंड्यांचे गोल गोल ठसे. मधोमध सासरे एका पालथ्या कुंडीवर बसले होते.

"राहिलं, मामा. वळण राहिलं."

"दिसतंय."

"सही झाली. आता कोणी हात लावू शकत नाही."

"चांगलं झालं. आणि वळणावर काय दाखवायचं? तुम्हाला?"

आरेखकाने दोन दिवस शहरात फिरून झाडं परत मागून बघितली. शिंपी म्हणाला, तिला कळी आलीय, आता कशी देऊ. पोस्टमनने तर दारच उघडलं नाही. वेल खिडकीतून दिसत होती. पोरांनी आपापल्या रोपांना नावं दिली होती. नाव दिलेली वस्तू परत मागायला सासऱ्यांचं नाव सांगूनही त्याची जीभ वळली नाही.

तेव्हा सासऱ्यांनीच उपाय सांगितला. बी होतं, माती होती, दोन हजार काळ्या पिशव्या होत्या. हात कमी होते. रविवारी सकाळी जावईबापू आले की त्यांना बसायला ती पालथी कुंडी मिळू लागली. सहावा रविवार असेल, पिशवीत माती दाबता दाबता त्याने विचारलं, "मामा, हे कसलं बी? गुलाबाचं दिसत नाही."

"गुलाब कोणाच्याही गाडीत मावतो," सासरे म्हणाले. "या वेळी मोठी झाडं लावतोय. कोणी उचलून नेणार नाही अशी."

"फुलतात कधी?"

"सात वर्षांनी." सासऱ्यांनी पुढची पिशवी त्याच्याकडे सरकवली. "का, घाई आहे?"

तर एकूण बेरीज अशी. साहेबांचं वरून दोनदा कौतुक झालं, एकदा वळण काढल्याबद्दल आणि एकदा अभ्यास करून ते ठेवल्याबद्दल. मोजणीवाल्याला खुंट्या ठोकायचे आणि उपटायचे असे दोन दौरे मिळाले. शहराला प्रत्येक खिडकीत एक झाड मिळालं. बायकोला दर रविवारी माहेर मिळालं, नवऱ्यासकट. सासऱ्यांना वळण मिळालं आणि कामाला माणूस मिळाला. आणि हे सगळं ज्याच्या खात्यावर पडलं, तो दर रविवारी संध्याकाळी नखांतली माती काढत मागच्या खोलीच्या बंद दारावरून जातो. आत त्याची गर्दी अजून किलोमीटर सातपर्यंत तुंबलेली आहे, आणि तिच्यातून वाट काढायला त्याला, ती झाडं फुलेपर्यंतचे अजून तीनशे अठ्ठावन्न रविवार, सवड नाही.